सगळे सर्व्हर एका मशीनवर: एकत्रीकरण आणि बॅकअपच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

आज सर्व्हरची यादी पक्की झाली. ‘आयबीएम आय’ या ऑपरेटिंग सिस्टिमची तीन मशीन आहेत. पहिल्यावर ऑर्डर आणि गोदाम, दुसऱ्यावर हिशेब आणि पगार. दोन्हींवर तिची ७.३ ही आवृत्ती आहे. तिसरं मशीन पूर्वी विलीन करून घेतलेल्या कंपनीचं, त्यावर अजून व्ही५आर४ ही बरीच जुनी आवृत्ती चालते. याशिवाय वेब आणि अंतर्गत कामांसाठी लिनक्सचे सर्व्हर, आणि कागदपत्रांच्या फाइली ठेवायला विंडोज. प्रत्येकाची टेप वेगळी, वेळापत्रक वेगळं, बॅकअपकडे बघणारा माणूसही वेगळा.

हे सगळं पॉवर १० (आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरची दहावी पिढी) च्या एकाच मशीनवर पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र सर्व्हरसारखे चालणारे भाग, पाडून आणायचं आणि बॅकअप एकाच पद्धतीने घ्यायचा, असं काम आहे.

विंडोज पॉवर प्रोसेसरवर चालत नाही. एकेकाळी या घराण्यातल्या मशीनमध्ये इंटेल प्रोसेसरचं कार्ड बसवून विंडोज आतच चालवता यायचं, पण नव्या मशीनवर तो मार्ग नाही. फाइल-शेअर आयएफएसवर (‘आयबीएम आय’मधली डिरेक्टरी आणि फाइलींची रचना) आणून नेटसर्व्हरमधून (विंडोजच्या पीसींना त्या फाइली दाखवणारी सेवा) देता येतील. बाकीचं विंडोज बाहेरच राहील आणि तसं यादीत स्पष्ट लिहिलं आहे. लिनक्स येईल, पण पॉवरसाठी बांधलेलं वितरण आणि त्यासाठीच बांधलेली पॅकेज लागतील. जुन्या सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी उचलून इथे चालणार नाही.

एक गोष्ट बैठकीत ठासून मांडली. आजवर एक मशीन बंद पडलं की एक विभाग थांबायचा. यापुढे एक मशीन बंद पडलं तर कंपनी थांबेल. म्हणून या प्रकल्पातल्या प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारायचा: उद्या हातात फक्त टेप आणि कोरं मशीन असेल, तर हे परत उभं कसं राहील? व्यवस्थापनाने ते मान्य केलं, आणि दुसऱ्या जागी असलेलं पॉवर ९ मशीन रिस्टोअरच्या चाचण्यांसाठी द्यायलाही तयार झालं. याचं मला फार समाधान वाटलं. चाचणीला मशीन मिळत नाही म्हणून चाचणीच होत नाही, हे बऱ्याच ठिकाणी घडतं.

१० जानेवारी

टीममध्ये दोघं नवीन आहेत. त्यांनी लिनक्स भरपूर हाताळलं आहे, पण हे मशीन पहिल्यांदाच बघतायत. त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवतो.

एएस/४०० जाहीर झालं २१ जून १९८८ ला. त्याआधी सिस्टिम/३८ आणि सिस्टिम/३६ होती. पुढे नाव आयसिरीज झालं, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सिस्टिम्सवर चालणारं ‘आयबीएम आय’. आपल्याकडे सगळे अजून ‘चारशे’च म्हणतात. १९९५ मध्ये प्रोसेसर ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसी घराण्यावर गेला. तरी बहुतेकांना प्रोग्राम नव्याने लिहावे लागले नाहीत, कारण प्रोग्राम प्रत्यक्ष प्रोसेसरसाठी न लिहिता मधल्या एका यंत्रनिरपेक्ष पातळीसाठी लिहिलेले असतात आणि मशीन त्यांचं आतल्या आत पुन्हा भाषांतर करतं.

बॅकअपच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे सिंगल-लेव्हल स्टोअर. इथे मेमरी आणि डिस्क मिळून एकच सलग पत्त्यांचा पट असतो. एखादी फाइल कुठल्या डिस्कवर आहे हा प्रश्न प्रोग्रामला पडतच नाही. सिस्टिम प्रत्येक ऑब्जेक्टचे (फाइल, प्रोग्राम, अशी प्रत्येक गोष्ट इथे ऑब्जेक्ट असते) तुकडे स्टोरेज पूलमधल्या, म्हणजे डिस्कच्या एका गटातल्या, सगळ्या डिस्कवर पसरवते. त्यामुळे कामाचा वेग चांगला मिळतो. पण रेड (एक डिस्क गेली तर बाकीच्यांवरून तिचा डेटा भरून काढणारी मांडणी) किंवा मिररचं (प्रत्येक डिस्कची जुळी प्रत) संरक्षण नसताना एक डिस्क गेली, तर त्या डिस्कपुरता डेटा जात नाही, अख्खा पूल जातो. ‘ती डिस्क कॉपी करून ठेवू’ हा विचार इथे लागू पडत नाही. इथे ऑब्जेक्ट सेव्ह करायचे, लायब्ररी (ऑब्जेक्ट ठेवायचे कप्पे) सेव्ह करायच्या, सिस्टिम सेव्ह करायची.

१७ जानेवारी

दिवसभर एकाच मुद्द्यावर चर्चा: तिन्ही चारशे एकाच पार्टिशनमध्ये ओतायची की वेगवेगळी ठेवायची?

एकत्र ओतण्याच्या बाजूने सांगितलं गेलं की एकच ऑपरेटिंग सिस्टिम, एकदाच पीटीएफ (आयबीएमच्या दुरुस्त्या), एकच बॅकअप. ऐकायला छान. पण पूर्ण सिस्टिम सेव्ह करायची तर पार्टिशन रेस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये न्यावं लागतं, म्हणजे सगळ्या सबसिस्टिम (ज्यांत लोकांची कामं चालतात ते विभाग) बंद, फक्त कन्सोल चालू. गोदामाला शांत वेळ मिळतो रविवारी पहाटे आणि हिशेबाला महिनाअखेर सोडून कधीही. एकाच पार्टिशनमध्ये घातलं तर दोघांच्या अडचणी एकमेकांच्या गळ्यात पडणार. सिस्टिम व्हॅल्यू, म्हणजे अख्ख्या सिस्टिमच्या सेटिंग, याही पार्टिशनला एकच असतात.

इंडिपेंडंट एएसपीचा (मूळ सिस्टिमपासून वेगळा काढलेला स्टोरेज पूल) पर्याय एका सहकारी मॅडमनी मांडला आणि तो विचार करण्यासारखा होता. तशा पूलला स्वतःचं डेटाबेस नेमस्पेस, म्हणजे नावांचं वेगळं क्षेत्र, मिळतं, त्यामुळे एकाच नावाच्या लायब्ररी दोन वेगळ्या पूलमध्ये सुखाने नांदू शकतात. पण युजर प्रोफाइल आणि डिव्हाइसची वर्णनं तिथे ठेवता येत नाहीत, ती मूळ सिस्टिम पूलमध्येच राहतात. परत उभं करताना दोन्हींचा मेळ घालावा लागेल. आमच्या आकाराच्या टीमला ते झेपणारं नाही असं माझं मत पडलं, आणि शेवटी तेच ठरलं.

निर्णय: ऑर्डर-गोदामाला स्वतंत्र पार्टिशन. हिशेब-पगाराला स्वतंत्र, आणि तिसऱ्या मशीनचं काम हिशेबाच्या पार्टिशनमध्ये विलीन, कारण ते मुळात हिशेबाचंच आहे. लिनक्सच्या पार्टिशनना डिस्क पुरवायला एक लहान होस्ट पार्टिशन. प्रोसेसर सामायिक पूलमधून. एका पार्टिशनला प्रोसेसरचा अगदी ०.०५ भागही देता येतो, त्यामुळे होस्टला फारसं काही द्यावं लागत नाही.

२३ जानेवारी

टेपचा दिवस. नवीन ड्राइव्ह एलटीओ-८ (एलटीओ या टेप-प्रकाराची आठवी पिढी) ठरला आहे. एका कार्ट्रिजची कच्ची क्षमता १२ टेराबाइट, वेग सेकंदाला ३६० मेगाबाइटपर्यंत. कागदावर सगळं उत्तम.

पण आमच्या पहिल्या दोन मशीनच्या टेप एलटीओ-६ आहेत आणि तिसऱ्याच्या एलटीओ-३. सातव्या पिढीपर्यंत ड्राइव्हला आपल्या आधीच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचता यायच्या. आठव्या आणि नवव्या पिढीच्या ड्राइव्हला फक्त एकच मागची पिढी वाचता येते. म्हणजे एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-७ टेप समजते, एलटीओ-६ समजत नाही. एलटीओ-३ वाचायला तर एलटीओ-५ च्या पुढचा ड्राइव्ह चालतच नाही. हिशेबाच्या जुन्या टेप नियमाप्रमाणे काही वर्षं सांभाळायच्या आहेत. त्या कपाटात नीट ठेवलेल्या असतील, पण वाचणारा ड्राइव्ह भंगारात गेला असेल, तर त्या सांभाळल्या असं म्हणता येणार नाही.

म्हणून असं ठरवलं: एलटीओ-६ साठी एलटीओ-७ चा एक ड्राइव्ह नवीन मशीनला जोडायचा. तो पाच आणि सहा दोन्ही वाचतो, आणि त्याच्या टेप नवीन ड्राइव्हलाही समजतात. सांभाळायच्या टेपची एकेक करून नक्कल करायची. एलटीओ-३ मात्र तिसऱ्या मशीनवरच वाचायच्या आणि त्यातल्या लायब्ररी सेव्ह फाइल (टेपऐवजी डिस्कवरच्या एका फाइलीत बांधलेला सेव्ह) करून नेटवर्कवरून आणायच्या. पाठवताना एफटीपी (फाइल पाठवायचं साधन) बायनरी मोडमध्ये ठेवायचं, म्हणजे वाटेत अक्षरांचं रूपांतर होत नाही, ही सूचना पानाच्या डोक्यावर लिहून ठेवली आहे. मजकूर मोडमध्ये गेलेली सेव्ह फाइल पलीकडे उघडत नाही.

दुसऱ्या जागेच्या मशीनलाही एलटीओ-८ च हवा. मागणी केली.

२५ जानेवारी

टेप एन्क्रिप्ट करायच्या हे ठरलंच होतं; टेप इमारतीबाहेर जाणार म्हटल्यावर दुसरा मार्ग नाही. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच एन्क्रिप्शन करतो, पण त्याची ‘की’ (कुलपाच्या किल्लीसारखा गुप्त आकडा) बाहेरच्या की सर्व्हरकडून येते.

आराखड्यात हा की सर्व्हर लिनक्सच्या एका पार्टिशनमध्ये दाखवला होता. म्हणजे त्याच मशीनमध्ये! मशीन गेलं की की सर्व्हर गेला, आणि की सर्व्हर परत आणायला जी टेप लागणार ती त्याच की शिवाय उघडणार नाही. पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावण्याचा प्रकार. की सर्व्हर आता मशीनच्या बाहेर, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी. त्याचा स्वतःचा बॅकअप या एन्क्रिप्टेड टेपवर कधीही जाणार नाही.

एकत्रीकरणात अशी वर्तुळं नकळत तयार होतात. डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा), की सर्व्हर, पासवर्ड ठेवायची जागा, रिकव्हरीचे कागद, सगळं सोयीसाठी नवीन मशीनवर येऊ बघतं. आज बसून ‘रिकव्हरीला काय काय लागतं’ अशी यादी केली आणि त्यातली एकही गोष्ट फक्त या मशीनवर राहणार नाही असं ठरवलं.

१ फेब्रुवारी

डिस्कची मांडणी झाली. मिरर. स्टोरेज पूल ९० टक्के भरला की इशारा येतो. आमच्यासाठी तो आधीच यावा म्हणून मर्यादा खाली आणली.

गोदामाच्या प्रमुखांनी विचारलं, ‘मिरर आहे तर रोज टेप कशाला?’ प्रश्न प्रामाणिक होता. मिरर डिस्क बिघडण्यापासून वाचवतो. कुणी चुकून फाइल रिकामी केली, तर मिरर ती रिकामी फाइल तितक्याच तत्परतेने दुसऱ्या बाजूला लिहितो. त्यांना ते लगेच पटलं, आणि मग त्यांनीच विचारलं की कालपर्यंतचं परत मिळेल की तासाभरापूर्वीचं. तिथून जर्नलचा, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा, विषय सुरू झाला. तो २९ तारखेच्या नोंदीत.

१० फेब्रुवारी, शनिवार

ऑर्डर-गोदाम मशीनचा पूर्ण सेव्ह. त्याआधी आठवडाभर जुन्या मशीनवरच ७.३ ची पीटीएफ पातळी वाढवून ती कायमची लागू केली. याला कारण आहे. नवीन मशीन ज्या टेपवरून सुरू होणार, तिच्यावर लायसन्स्ड इंटर्नल कोड (ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालचा, हार्डवेअरशी बोलणारा थर) त्या हार्डवेअरला ओळखणाऱ्या पातळीचा असावा लागतो. जुन्या पातळीच्या टेपवर पॉवर १० उठणार नाही. आधी ७.३ तसंच्या तसं पलीकडे न्यायचं, तिथे ते नीट चाललं की मगच ७.५ करायचं. ७.३ वरून ७.५ वर थेट जाता येतं. दोन बदल एकाच रात्री करायचे नाहीत, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळतं.

सेव्ह मेन्यूचा ऑप्शन २१. सबसिस्टिम बंद होतात, मग आधी सिस्टिम, मग सगळ्या लायब्ररी, मग डॉक्युमेंट, मग आयएफएस. हा क्रम मेन्यू स्वतः सांभाळतो.

मेन्यूच्या पडद्यावर स्पूल फाइलबद्दल (छपाईसाठी तयार झालेले रिपोर्ट) एक ओळ असते आणि तिथे सेव्ह करू नये असंच आधीपासून भरलेलं असतं. लायब्ररी सेव्ह झाली की आउटपुट क्यू (त्या रिपोर्टची रांग) सेव्ह होतो, पण त्यातले रिपोर्ट सेव्ह होत नाहीत, जोवर आपण सांगत नाही. गोदामातले लोक जुनी चलनं आउटपुट क्यूमध्येच बघतात. त्यांच्या दृष्टीने तेच दफ्तर आहे. इथे ‘ऑल’ दिलं. डेटा क्यूचंही (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती रांग) तसंच: क्यू येतो, आतले निरोप सांगितल्याशिवाय येत नाहीत. आमच्या डेटा क्यूमध्ये प्रलंबित ऑर्डर असतात, म्हणून तेही मागितले.

सेव्ह संपल्यावर ‘पूर्ण झाला’ एवढ्या निरोपावर थांबलो नाही. जॉब लॉग ओळीने ओळ वाचला. काय सेव्ह झालं यापेक्षा काय झालं नाही ते तिथे कळतं.

१२ ते १४ फेब्रुवारी

नवीन पार्टिशनवर पहिला रिस्टोअर. टेपवरून डी-आयपीएल (म्हणजे मशीन डिस्कऐवजी टेपवरून सुरू करणं), डेडिकेटेड सर्व्हिस टूल्समध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारी देखभालीची साधनं) डिस्कची मांडणी, ऑपरेटिंग सिस्टिम, मग युजर प्रोफाइल, मग कॉन्फिगरेशन, मग लायब्ररी, डॉक्युमेंट, आयएफएस, आणि सगळ्यात शेवटी ऑथॉरिटी.

नवीन सहकाऱ्याने विचारलं की प्रोफाइल इतक्या आधी का आणि ऑथॉरिटी इतक्या उशिरा का. उत्तर या सिस्टिमच्या स्वभावात आहे. इथे प्रत्येक ऑब्जेक्टला मालक असतो. मालकाचं प्रोफाइल हजर नसेल तर ऑब्जेक्ट परत येतो, पण सिस्टिमच्या डीफॉल्ट मालकाच्या नावावर पडतो. उलट खासगी ऑथॉरिटी, म्हणजे अमक्याला तमकी फाइल वाचता येईल ही नोंद, प्रोफाइलबरोबर सेव्ह होते. ती लागू करायला तो ऑब्जेक्ट आधी असावा लागतो. म्हणून प्रोफाइल पहिलं, ऑब्जेक्ट मध्ये, ऑथॉरिटी शेवटी. हा क्रम तीन दिवस भिंतीवर लावून ठेवला होता.

मशीन वेगळं असल्यामुळे आणखी एक काळजी. दुसऱ्या सिस्टिमवर रिस्टोअर करताना ऑब्जेक्टमधल्या फरकांना परवानगी देणारा पॅरामीटर योग्य दिला नाही, तर ऑब्जेक्टचा ऑथोरायझेशन लिस्टशी (अनेक ऑब्जेक्टना एकत्र लागू होणारी अधिकारांची यादी) असलेला दुवा तुटतो. डेटा सगळा हजर आणि कुणालाच उघडत नाही, अशी अवस्था येते. पॅरामीटर दिला, आणि नंतर नमुन्यादाखल काही फाइलींची ऑथॉरिटी जुन्या मशीनशी ताडून पाहिली. जुळली.

लॉजिकल फाइलींनी वेळ खाल्ला. फिजिकल फाइलीत प्रत्यक्ष डेटा असतो, लॉजिकल फाइल म्हणजे त्या डेटाकडे बघायची वेगळी खिडकी. काही लायब्ररींमध्ये फक्त लॉजिकल फाइली आहेत आणि त्यांच्या मूळ फिजिकल फाइली दुसऱ्या लायब्ररीत. लायब्ररी नावाच्या क्रमाने परत येतात. लॉजिकल आधी आली आणि तिचा आधार अजून आलाच नसेल, तर ती रिस्टोअर होत नाही. त्यासाठी रिस्टोअरमध्ये डिफर आयडी देता येतो: अडलेले ऑब्जेक्ट सिस्टिम बाजूला लक्षात ठेवते आणि आधार आल्यावर पुन्हा प्रयत्न करते. तो आयडी आता आमच्या लेखी पद्धतीचा भाग आहे. लांबचा इलाज मात्र वेगळा, लॉजिकल फाइली मूळ फाइलीच्याच लायब्ररीत आणणं. विकासकांना यादी दिली आहे.

२० फेब्रुवारी

तिसऱ्या मशीनचं विलीनीकरण सुरू. हा सगळ्यात नाजूक भाग, कारण इथे दोन जिवंत व्यवस्था एका घरात आणायच्या आहेत.

पहिलं म्हणजे प्रोग्राम. ६.१ पासून जुन्या प्रोग्रामचं रूपांतर होतं आणि त्याला प्रोग्रामचा क्रिएशन डेटा (प्रोग्राम पुन्हा भाषांतरित करायला लागणारी, त्याच्यातच ठेवलेली माहिती) लागतो. जागा वाचवण्यासाठी कुणी तो पूर्वी काढून टाकला असेल, तर प्रोग्राम पलीकडे चालणार नाही, सोर्सपासून पुन्हा कंपाइल करावा लागेल. व्ही५आर४ वर याची तपासणी करणारी कमांड आहे. ती चालवली. अडणारे प्रोग्राम मोजकेच निघाले, पण त्यातला एक महिनाअखेरीचा. त्याचा सोर्स मिळाला, चाचणी झाली. तो मिळाला नसता तर काय, हा विचार दिवसभर डोक्यात होता.

मग नावं. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या मुख्य लायब्ररीला तेच सरळसाधं नाव दिलेलं. एकीचं बदलावं लागलं. लायब्ररी लिस्टवर (फाइल कुठल्या लायब्ररींत शोधायची याची यादी) चालणाऱ्या प्रोग्रामना काहीच फरक पडला नाही, पण ज्या सीएल (या सिस्टिमची कमांडची भाषा) प्रोग्राममध्ये लायब्ररीचं नाव थेट लिहिलं होतं ते सगळे शोधावे लागले. प्रोफाइलची नावंही जुळत होती. इकडच्या एका नावाचा माणूस वेगळा, तिकडचा वेगळा. प्रोफाइलचं नाव बदलायची कमांडच नाही. नवीन प्रोफाइल करायचं, मालकी हस्तांतरित करायची, जुनं काढायचं. हे काम जुन्या मशीनवरच उरकलं, कारण इकडे आणल्यावर एका नावाखाली दोन माणसांचे अधिकार एकत्र झाले असते. सेव्ह करताना खासगी ऑथॉरिटी ऑब्जेक्टबरोबर घेण्याची सोय ६.१ पासूनची आहे, व्ही५आर४ वर ती नाही. त्यामुळे अधिकारांची यादी आधी फाइलीत काढून घेतली आणि इकडे ती कमांडने पुन्हा दिली.

२२ फेब्रुवारी

पुरवठादारांच्या फाइलीत ईमेलचे पत्ते बिघडलेले दिसले. ॲट चिन्हाच्या (@) जागी कलमाचं चिन्ह (§), किंवा उलट.

कारण कळलं. विलीन कंपनीचे जॉब २७३ या कोड पेजने (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) चालायचे, आमचे ३७ ने. दोन्ही एबसिडिकच (आयबीएमची अक्षर-संकेतपद्धती), पण ७सी या बाइटचा अर्थ ३७ मध्ये ॲट चिन्ह आणि २७३ मध्ये कलमाचं चिन्ह. फाइलींवर मात्र ६५५३५ ची खूण होती, म्हणजे ‘कुठलंही रूपांतर करू नका’. जोवर मशीन वेगळी होती तोवर कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. डेटा खराब झालेला नाही, त्याची ओळखच नोंदलेली नव्हती. फाइलींना २७३ ची खरी खूण लावली. आता ३७ चा जॉब फाइल उघडतो तेव्हा सिस्टिम मध्ये रूपांतर करून देते. प्रत्येक फाइल तिच्या वापरकर्त्यांसोबत बसून तपासली, कारण काही फाइलींत नंतर आमच्याकडून भरलेल्या नोंदीही होत्या.

२९ फेब्रुवारी

गोदामाचा रोजचा बॅकअप. रात्रपाळी असल्यामुळे काही तास थांबणं शक्य नाही. म्हणून सेव्ह-व्हाइल-ॲक्टिव्ह. यात सिस्टिम सगळ्या ऑब्जेक्टची एका क्षणाची अवस्था पकडते, त्याला चेकपॉइंट म्हणतात, आणि ती पकडल्यावर लोक पुन्हा काम करू शकतात. टेपवर लिहिणं मागे चालूच राहतं. एकमेकांशी संबंधित लायब्ररींचा चेकपॉइंट एकत्र घ्यायचा, नाहीतर ऑर्डरची फाइल एका क्षणाची आणि साठ्याची दुसऱ्या क्षणाची मिळेल.

ऑर्डरचा भाग कमिटमेंट कंट्रोलखाली (व्यवहार एकतर पूर्ण होतो, नाहीतर अजिबात नाही) आहे, तिथे सिस्टिम व्यवहाराच्या सीमेवर थांबते. गोदामाचा जुना भाग तसा नाही. तिथे अर्धा झालेला व्यवहार पकडला जाऊ शकतो. म्हणून त्या भागाचे जॉब चेकपॉइंट होईपर्यंत थांबवायचे, निरोप आला की लगेच सुरू करायचे. ऑब्जेक्टसाठी वाट बघण्याची मूळ मर्यादा १२० सेकंद आहे. आमच्या एका लांबलचक बॅच जॉबला ती पुरत नव्हती. मर्यादा वाढवण्याऐवजी त्या जॉबची वेळ बदलली. वापरकर्त्यांना रोज जास्त वेळ ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं.

दोन सेव्हच्या मधल्या काळासाठी जर्नल. मुख्य फाइलींचं जर्नलिंग सुरू केलं आणि रिमोट जर्नलने त्या नोंदी दुसऱ्या जागेच्या मशीनवर जातात. कालची टेप रिस्टोअर करायची, मग जर्नलमधले बदल तिच्यावर लागू करायचे. गोदामाच्या प्रमुखांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

९ मार्च, शनिवार

लिनक्स पार्टिशन चालू झाली. त्यांच्या डिस्क म्हणजे होस्ट पार्टिशनमधल्या नेटवर्क सर्व्हर स्टोरेज स्पेस. होस्टच्या नजरेने ते आयएफएसमधले मोठे ऑब्जेक्ट आहेत, म्हणून टेपवर सहज जातात. इथे फसगत व्हायला वाव आहे. लिनक्स चालू असताना ती स्पेस सेव्ह केली, तर अचानक वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था असते तीच टेपवर येते. आणि त्या स्पेसमधून एकच फाइल परत काढता येत नाही, अख्खी डिस्क परत आणावी लागते.

म्हणून दोन पातळ्या. आठवड्यातून एकदा लिनक्स नीट बंद करून, नेटवर्क सर्व्हर व्हॅरी ऑफ, म्हणजे बंद, करून स्पेसचा सेव्ह; हा अख्खं मशीन गेलं तर. रोज लिनक्सच्या आतून फाइलींचा बॅकअप, डेटाबेसचा त्याच्या स्वतःच्या साधनाने डंप. हा एखादी फाइल गेली तर.

१६ मार्च

आयएफएसचा सेव्ह रेंगाळतो. विंडोजवरून आलेली कागदपत्रं, लाखो छोट्या फाइली. इथे वेळ बाइटवर कमी आणि ऑब्जेक्टच्या संख्येवर जास्त अवलंबून असतो. ड्राइव्हला सलग डेटा मिळाला नाही की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. वेगही जातो आणि टेप-हेड दोन्ही झिजतात. जुन्या वर्षांची कागदपत्रं न बदलणाऱ्या डिरेक्टरीत वेगळी काढली, ती रोज सेव्ह होणार नाहीत. उरलेली आधी व्हर्च्युअल टेपवर, म्हणजे डिस्कवरच्या इमेज कॅटलॉगमध्ये, मग तिथून एका दमात खऱ्या टेपवर. फरक मोठा पडला. व्हर्च्युअल टेप त्याच मशीनच्या डिस्कवर आहे, त्यामुळे तिची नक्कल खऱ्या टेपवर जाईपर्यंत बॅकअप झाला असं कुणी म्हणायचं नाही.

२६ मार्च

बीआरएमएस (‘आयबीएम आय’चं बॅकअप आणि टेप सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावून झालं. कंट्रोल ग्रुप, म्हणजे काय कधी सेव्ह करायचं याच्या याद्या, ठरले. रात्रीच्या सेव्हच्या शेवटी बीआरएमएसची स्वतःची माहितीही टेपवर जाते, नाहीतर कुठली लायब्ररी कुठल्या टेपवर हे सांगणारी वही जळालेल्या मशीनमध्येच राहील. रिकव्हरी रिपोर्ट रोज तयार होतो आणि मशीनच्या बाहेर दोन ठिकाणी जातो, शिवाय दर आठवड्याला छापून.

पार्टिशनची रचना सिस्टिम सेव्हमध्ये नसते. ती हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल (मशीन बाहेरून सांभाळणारा वेगळा संगणक) आणि मशीनच्या आतल्या सर्व्हिस प्रोसेसरकडे असते. कन्सोलचा बॅकअप आणि पार्टिशन प्रोफाइलची प्रत यादीत घातली. सर्व्हिस टूल्सचा पासवर्ड ऑपरेटिंग सिस्टिमच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. दोन्ही बंद पाकिटात, दुसऱ्या जागी.

६ एप्रिल, शनिवार

संपूर्ण तालीम. पॉवर ९ वर, कोऱ्या डिस्कवर. अट अशी घातली की प्रकल्पात नसलेल्या व्यक्तीने फक्त छापील कागद बघून करायचं. आम्ही शेजारी बसू, बोलणार नाही. नेटवर्कच्या एका सहकारी मॅडमनी ही जबाबदारी घेतली.

पहिला अडथळा सुरुवातीलाच आला. टेपवरून मशीन सुरू करताना टेप लायब्ररी रोबोटच्या ताब्यात ठेवून चालत नाही, कार्ट्रिज तिच्या पॅनेलवरून हाताने ड्राइव्हमध्ये घालावी लागते. कागदावर ‘टेप लावा’ एवढंच होतं. मॅडमनी ते स्वतः शोधून काढलं आणि कागदावर त्यांच्याच शब्दांत तो परिच्छेद लिहिला. पुढे कॉन्फिगरेशन परत आलं, पण नेटवर्क लाइन जुन्या मशीनच्या रिसोर्सचं नाव धरून बसली होती. ते बदलल्यावरच लाइन सुरू झाली. लायसन्स की मशीनच्या सिरियल नंबरला बांधलेल्या असतात, म्हणून चाचणी मशीनवर ७० दिवसांच्या सवलतीच्या मुदतीत चालतात असा निरोप आला. खऱ्या संकटात ही मुदत पुरेशी आहे, पण नवीन की मागवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करायचा, हेही कागदावर गेलं.

शेवटी जर्नलचे बदल लागू केले आणि गोदामाच्या प्रमुखांनी स्वतः साइन ऑन करून त्यांची शुक्रवारची शेवटची ऑर्डर उघडली. ती तिथे होती. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

१३ एप्रिल

गोदाम आणि ऑर्डर नवीन मशीनवर. ७.५. जुनं मशीन बंद न करता फक्त साइन ऑन अडवलं.

१५ एप्रिल

सकाळच्या गर्दीत वेग चांगला. एका प्रिंटरचं आउटपुट क्यू चुकीच्या रायटरला (रांगेतले रिपोर्ट प्रिंटरला पाठवणारा प्रोग्राम) जोडलेलं, दहा मिनिटांत दुरुस्त.

४ मे

हिशेबाने पहिली महिनाअखेर नवीन पार्टिशनवर पार पाडली. विलीन कंपनीचे ताळेबंद जुन्या मशीनवरच्या आकड्यांशी जुळले, आणि हिशेबाच्या सरांनी तसं लेखी दिलं. तिसरं मशीन आता फक्त एलटीओ-३ वाचण्यासाठी चालू आहे.

१७ मे

एलटीओ-६ च्या नकला संपल्या. प्रत्येक नक्कल वाचून पाहिली आणि एकेक लायब्ररी चाचणी पार्टिशनवर रिस्टोअर करून पाहिली, नुसत्या लेबलवर भरवसा ठेवला नाही. एलटीओ-३ मधल्या दोन टेप पहिल्या वाचनात अडल्या. ड्राइव्ह साफ केल्यावर एक वाचली, दुसरीवर काम चालू आहे. ती पगाराची आहे. तिसऱ्या मशीनची देखभाल त्यासाठी सप्टेंबरपर्यंत वाढवून घेतली. पुढची पूर्ण तालीम ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, या वेळी हिशेबाच्या पार्टिशनची. ती करण्यासाठी गोदामातल्या एका सहकाऱ्याने नाव दिलं आहे. कागद त्यांना सप्टेंबरच्या शेवटी मिळतील, त्याआधी नाही.